जवारी होईपर्यंत

वडिलांना तपासणीच्या टेबलावर घ्यायच्या आधी त्यांच्या अंगावर कुठे धातू राहिलेला नाही ना, हे तस्नीमनं स्वतःच्या हातांनी तपासलं. कवळी काढली. सदऱ्याची बटणं बघितली. दंडावरचा तावीज सोडताना तिला कसंसंच झालं, पण तावीज चांदीच्या पेटीत होता आणि पेटी आत नेता येत नव्हती. आतला चुंबक कधीच बंद नसतो. वीज गेली तरी नसतो. द्रवरूप हेलियमनं गार ठेवलेल्या वेटोळ्यांतून एकदा सोडलेला प्रवाह वर्षानुवर्षं आपला फिरतच राहतो. हे सगळं ती रोज दुसऱ्यांच्या नातेवाइकांना समजावून सांगायची. आज नातेवाईक तीच होती.

तिचे अब्बा, दस्तगीर सतारमेकर, म्हणजे मिरजेतले नावाजलेले तंबोरे करणारे. त्यांच्या हातचा तंबोरा मिळावा म्हणून गवई महिनोन् महिने थांबायचे. ऐन उन्हाळ्यात दुकानातल्या गादीवर काम करता करता ते एका अंगावर कलंडले. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. जीव वाचला. पुढे डोळे उघडले, झोप आणि जाग सुरू झाली, पण हाकेला ओ नाही, नजरेत ओळख नाही. घराची दारं-खिडक्या सताड उघडी असावीत आणि आत कुणी नसावं, तसं ते दिसत. मोठा मुलगा इर्शाद दुकान सांभाळत होता. धाकटी तस्नीम भौतिकशास्त्र शिकून शहराबाहेरच्या मेंदू-संशोधन केंद्रात नव्या चुंबकावर काम करत होती. लहानपणी तिचा कान इतका तयार होता की अब्बा तंबोरा लावताना तिला समोर बसवत. मग ती शिकायला बाहेर गेली आणि ते बसणं राहून गेलं. अब्बांनी त्याबद्दल कधी शब्द काढला नाही.

अब्बांना त्या यंत्रात न्यायचं म्हटल्यावर इर्शाद घाबरला होता.

"किरणं-बिरणं असतात का त्यात?" त्यानं विचारलं.

"नाही. क्ष-किरण नाहीत." तस्नीमनं भिंतीवरची सतार खाली घेतली. "हे बघ. वरची तार छेडली की खालच्या तरफांच्या तारांपैकी कुठली वाजते?"

"त्या सुराला लावलेली असेल ती."

"आणि बाकीच्या?"

"त्या कशाला वाजतील? गप्पच राहणार."

"बस, एवढंच आहे ते. अंगात सगळीकडे पाणी, पाण्यात हायड्रोजन. त्याचं प्रत्येक केंद्रक म्हणजे एक बारकासा भोवरा, आणि छोटासा चुंबकही. एरवी ते वाटेल तिकडे तोंड करून फिरत असतात. मोठ्या चुंबकात नेलं की त्यांतले थोडे जास्त एका दिशेला वळतात. लाखात काही मोजके, पण तेवढे पुरतात. तिथं ते ठरावीक वेगानं डोलायला लागतात. तोच त्यांचा सूर. बरोबर त्याच सुराची रेडिओलहर सोडली की ते कलतात. लहर थांबली की परत जागेवर येता येता स्वतः तोच सूर काढतात. आपण तो ऐकायचा."

"मग डोक्यात कुठं काय आहे, ते कसं कळतं?"

"चुंबक एका बाजूला जरासा जास्त जोरकस ठेवायचा. मग इकडच्या भोवऱ्यांचा सूर चढा, तिकडच्यांचा उतरता. सूर कळला की जागा कळली."

इर्शादनं सतार हातात घेऊन एक तार छेडली, आणि खालून आलेला बारीक झंकार तो विरेपर्यंत ऐकत बसला. "अब्बांना हे सांगितलं असतंस तर आवडलं असतं," तो म्हणाला.

केंद्रातला नवा चुंबक मात्र एवढ्यावर थांबत नव्हता. जुनी यंत्रं मेंदूचं काम रक्तावरून ओळखायची. जो भाग कामाला लागतो तिकडे प्राणवायूनं भरलेलं रक्त धावतं, आणि तसं रक्त चुंबकाला जरा वेगळं भासतं. पण रक्त पोचायला काही सेकंद जातात, तोवर शब्द बोलून संपलेला असतो. नवं यंत्र रक्ताची वाट बघत नव्हतं. मज्जापेशींतून विजेचा झटका जाताना शेजारचे भोवरे कणभर चळतात. ते चळणंच ते टिपायचं. शिवाय अशी यंत्रं चालताना जो ठोकाठोकीचा आवाज करतात, तोही त्यातून काढून टाकलेला होता. मेंदूत ऐकण्याचा जो पट्टा असतो, त्यात सुरांच्या जागा पेटीच्या पट्ट्यांसारख्या ओळीनं लागलेल्या असतात. आवाज कानातून आला तरी त्या पट्ट्या दबतात आणि माणसानं नुसता मनात आणला तरी दबतात, फक्त हलक्या. यंत्र त्या हलक्या दबण्यातून आवाज परत उभा करायचं. थोडक्यात, माणसाच्या मनाला काय ऐकू येतंय ते बाहेरच्या खोलीतल्या स्पीकरवर ऐकता यायचं.

यंत्राला आधी एका निरोगी कानाचा नमुना द्यावा लागे. तस्नीम स्वतः त्या बोगद्यात आडवी झाली. एकाच घरातले, एकाच दुकानातले आवाज ऐकून वाढलेला कान बरा, असं तिच्या वरिष्ठ डॉ. प्रणिता मगदूम म्हणाल्या.

पहिल्या रविवारी अब्बा आत गेले. काचेपलीकडे त्यांचे फक्त पाय दिसत होते. बराच वेळ स्पीकरवर वाळू चाळल्यासारखा आवाज येत राहिला. डॉ. मगदूम उठायच्या बेतात होत्या, तेवढ्यात त्या आवाजातून दुसरा एक आवाज वेगळा झाला. खर्र. थोडं थांबून पुन्हा खर्र.

"काय आहे हे?" डॉ. मगदूमनी विचारलं.

तस्नीम स्पीकरजवळ झुकली. "कानस," ती म्हणाली. "भोपळ्याची कड घासताहेत. मॅडम, अब्बा कामावर आहेत."

ही एक आठवण असावी, मेंदूत कुठेतरी अडकलेली, पुन्हा पुन्हा वाजणारी, असं दोघींनी ठरवलं. पण पुढच्या रविवारी कानस नव्हती. भोपळ्यावर दांडी चढवताना मारायचे लाकडी ठोके होते. त्याच्या पुढच्या खेपेला खुंट्या भोकांत फिरताना कुरकुरत होत्या. काम पुढे सरकत होतं. रविवार ते रविवार, इकडे अब्बा गादीवर निपचित पडलेले असताना, तिकडे एक तंबोरा आकाराला येत होता.

इर्शादला तिनं बोलावून ऐकवलं. तो डोळे पुसत हसला. "मजेत आहेत की," तो म्हणाला.

तारा चढल्या, त्याच दिवशी तो आवाज आला.

"जोडीची तार उतरलीय, अब्बा."

बाईचा आवाज होता. पाठोपाठ अब्बांचा, स्वच्छ, आजारापूर्वीचा. "मला ऐकू येतंय. तू सूत दे."

"देते. इर्शाद अजून आला नाही."

"कराडला गेलाय. येईल."

डॉ. मगदूम हळूच तस्नीमकडे वळल्या. आवाज तस्नीमचा होता.

"नमुना माझा आहे म्हणून," तस्नीम घाईनं म्हणाली. "माझ्या कानाचा ठसा मिसळतोय. चूक आहे ती."

ती मनापासून चूक शोधायला लागली. इर्शादला बोगद्यात घालून त्याच्या कानाचा नमुना घेतला. मग हैदराबादहून आलेल्या एका सहकाऱ्याचा घेतला. त्यानं कधी तंबोरा हातात धरला नव्हता आणि त्याला मराठीही येत नव्हती. प्रत्येक नमुन्यावर अब्बांच्या मेंदूची तीच नोंद पुन्हा उलगडली. आवाजाचा पोत थोडा बदलला. शब्द बदलले नाहीत, बाईही बदलली नाही.

आणि तस्नीम जसजशी ऐकत गेली, तसतसा तिला फरक कळायला लागला. ती आतली जराशी घोगरी होती, वर्षानुवर्षं लाकडाच्या भुशात श्वास घेतल्यावर कारागिरांचा आवाज होतो तशी. ती अब्बांना उलट बोलायची. हसताना मध्येच थांबायची. तारांखालची पत्ती कुठं किती घासायची, रंगकामाला लाख कुठली चांगली, असल्या गोष्टी ती सहज बोलायची, आणि त्यातल्या अर्ध्या तस्नीमला ठाऊकच नव्हत्या. अब्बांच्या मनानं आपल्या मुलीला मोठं केलं होतं. दुकानात, आपल्या शेजारी, एकही दिवस दूर न पाठवता.

पुढच्या खेपेला तस्नीमनं अब्बांच्या कानावरच्या यंत्रातून हाक मारली.

"अब्बा. मी बोलतेय. ऐकू येतंय का?"

स्पीकरवरचं काम थांबलं. काचेपलीकडे अब्बांचे पाय जराही हलले नाहीत.

"कोण आहे गं?" अब्बांचा आवाज.

"कुणी नाही," ती आतली म्हणाली. "रस्त्यावरून कुणीतरी हाक मारतंय. तुम्ही काम करा."

आणि कानस पुन्हा सुरू झाली.

तस्नीमनं मायक्रोफोन बंद केला. पाठीमागे वातानुकूलन घोंघावत होतं. आपल्याला कुणीतरी दारातून परत पाठवलंय, आणि दार लावणारा हात आपलाच आहे, असं तिला वाटलं. त्या दिवशी तिनं अब्बांना बाहेर काढायला नेहमीपेक्षा उशीर लावला.

पावसाळा संपता संपता डॉ. मगदूमनी दोघा भावंडांना समोर बसवलं.

"ते आत जागे आहेत, आता यात शंका नाही," त्या म्हणाल्या. "मेंदूच्या मधोमध जो भाग जाग सांभाळतो, तिथं केसासारखी बारीक तार बसवता येते. तिच्यातून हलके विद्युत् झटके दिले की बाहेरची वाट उघडू शकते. शंभर टक्के सांगत नाही. पण मेंदू हळूहळू आकसतोय. फार वाट बघितली तर हेही हातचं जाईल."

"करा," इर्शाद लगेच म्हणाला.

"एक गोष्ट लक्षात घ्या. तार बसवली की ते पुन्हा या चुंबकात येऊ शकणार नाहीत. इतक्या जोराच्या चुंबकात आणि रेडिओलहरीत तार तापेल, जागची हलेल. म्हणजे आत काय चाललंय ते आपल्याला परत कधी ऐकता येणार नाही."

परत येताना मिशन चौकाच्या अलीकडे इर्शादनं गाडी बाजूला घेतली.

"तुला नकोय का हे?"

"तिथं ते सुखात आहेत, इर्शादभाई. हात चालताहेत त्यांचे. इथं आल्यावर उजवा हात लुळा, जीभ जड. आणि..."

"आणि ती?"

तस्नीमनं मान हलवली.

"तुझ्या आवाजात बोलणारा भास आहे तो," इर्शाद म्हणाला. "भासासाठी बाप आत कोंडून ठेवायचा? आणि मी? मी कुठं आहे तिथं? सदा न् कदा कराडला! अगं, तिथं मी कायम गावाला गेलेलाच?" त्याचा आवाज फाटला. "मला अब्बा बाहेर हवेत. कसेही चालतील."



"उद्या सही करू," तस्नीम म्हणाली. "पण तार बसवायच्या आधी एकदा मला त्यांच्याशी बोलू दे."

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी अब्बांना शेवटचं चुंबकात नेलं. डोक्याचा नकाशा हवाच होता, म्हणून डॉ. मगदूमनीही हरकत घेतली नाही. मात्र शस्त्रक्रियागृह दुपारसाठी राखून ठेवलंय, हे त्यांनी बजावलं.

स्पीकरवर तंबोरा वाजत होता. चारही तारा लागलेल्या होत्या, सूर शुद्ध होता, पण आवाज बसका, मुका. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीचा माथा अगदी केसभर घासावा लागतो आणि तारेखाली सुताचा धागा सरकवावा लागतो. मग तार त्या माथ्याला नुसती चाटत कंप पावते आणि सूर फुलतो, गुंजारव करायला लागतो. तीच जवारी. तेवढी एकच गोष्ट बाकी होती.

तस्नीमनं मायक्रोफोन सुरू केला. यावेळी तिनं अब्बांना हाक मारली नाही.

"तस्नीम," ती म्हणाली.

तार वाजता वाजता थांबली.

"आज अब्बांना बाहेर आणायचंय. मी तुला सांगायला आलेय."

डॉ. मगदूम खुर्चीत पुढे सरकल्या. एका माणसाच्या ऐकण्यातून कुणी तिसरंच उत्तर देईल, हे त्यांच्या शास्त्रात कुठं बसत नव्हतं. स्पीकरवर वाळू चाळल्यासारखा आवाज वाढत गेला, मग ओसरला.

"इतक्यात नको," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "एवढी जवारी होऊ दे."

"किती वेळ लागेल?"

"ते काय सांगून होतं का? कान सांगेल तेव्हा."

"माझा कान नाही आता तसा."

"माहीत आहे," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

 कानस हलकेच एकदा फिरायची. तार छेडली जायची. बसका सूर. पुन्हा कानस. फुंकर. धागा सरकवल्याचा अगदी बारीक सरसर आवाज. पुन्हा तार. दुपार झाली. शस्त्रक्रियागृहातून विचारणा आली, डॉ. मगदूमनी फोन उचलून "थोडं थांबा" म्हटलं. दुसऱ्यांदा आली. या वेळी त्यांनी फोन कानाला लावून तस्नीमकडे बघितलं.

"तस्नीम, भूलतज्ज्ञ खोळंबलेत. आपण एका आवाजासाठी थांबलोय, कळतंय ना तुला?"

"कळतंय, मॅडम."

"मग?"

"मी त्यांना अर्ध्या कामावरून उठवणार नाही."

डॉ. मगदूम फोनवर म्हणाल्या, "अजून नकाशा पूर्ण झालेला नाही."

तस्नीमनं डोळे मिटले. ऐकताना तिला हळूहळू उमगायला लागलं, कुठल्या घासण्यानंतर सूर जरा सैल झाला, कुठल्या घासण्यानं बिघडला. पहिली तार उमलली. मग जोडीच्या दोन्ही. खर्जाची तार मात्र दाद देत नव्हती. पुन्हा पुन्हा धागा मागे-पुढे होत राहिला. आणि मग एका छेडीला त्या तारेनंही तोंड उघडलं. चारही तारांचा गुंजारव खोलीभर पसरला, यंत्राच्या कपाटांवर, काचेवर, डॉ. मगदूमच्या समोरच्या पाण्याच्या पेल्यावर थरथरत राहिला. या खोलीत असा तंबोरा नव्हता. या जगातच नव्हता.

"झाली," अब्बा म्हणाले.

"झाली," ती म्हणाली. मग थोडं थांबून, जवळून, जणू दाराशी येऊन, "ने आता."

तंबोरा वाजत राहिला. तो थांबायच्या आत तस्नीमनं टेबल बाहेर घेतलं.

शस्त्रक्रिया झाली. पहिले काही दिवस काहीच घडलं नाही. मग डॉ. मगदूम विजेचं प्रमाण थोडं थोडं वाढवत गेल्या, तशी अब्बांची नजर स्थिरावायला लागली. ती माणसांमागे फिरू लागली. एका दुपारी इर्शाद त्यांना पाणी पाजत होता. अब्बांचे ओठ बराच वेळ हलले, मग जड, वाकडा आवाज बाहेर आला.

"आलास का कराडहून?"

इर्शादनं चमचा खाली ठेवला. "आलो, अब्बा," तो म्हणाला आणि त्यांच्या छातीवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला.

तस्नीमला फोन गेला तेव्हा ती चुंबकापाशीच होती. ती तशीच धावत आली. खोलीच्या दारात ती थांबली. अब्बा उशीला टेकून बसले होते. त्यांनी तिला बघितलं. ओळख होती त्या नजरेत, पण जुन्या गिऱ्हाइकाची असावी तशी, अदबीची.

"उभ्या का?" ते म्हणाले. "बसा ना तुम्ही."

जन्मापासून त्यांनी तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"अब्बा, मी तस्नीम."

"हो." त्यांनी सावकाश मान हलवली. "तुमचंही नाव तेच. ती म्हणाली मला."

इर्शादनं चमकून बहिणीकडे पाहिलं. तिनं हातानंच त्याला गप्प राहायला सांगितलं, आणि पलंगाशेजारच्या स्टुलावर बसली.

"कोण म्हणाली, अब्बा?"

एवढं कसं कळत नाही, अशा नजरेनं त्यांनी तिच्याकडे बघितलं. शब्द जुळवायला त्यांना कष्ट पडत होते. एकेक शब्द ते लाकडातून कोरून काढावा तसा काढत होते.

"तंबोऱ्याला कापडी गवसणी घातली तिनं. दुकान झाडलं. म्हणाली, आता दुसरी येईल. दिसायला माझ्यासारखी." ते दमून थांबले. "म्हणाली, तिला कामातलं काही येत नाही. चिडू नका तिच्यावर. पहिल्यापासून शिकवा."

"आणि मग?"

"मग काय? गेली." त्यांनी खिडकीकडे बघितलं. बाहेर ऊन होतं, रिक्षा उभ्या होत्या, कुणीतरी केळी विकत होतं. ते सगळं त्यांनी नीट बघून घेतलं. मग चालणारा डावा हात तिच्यापुढे केला.

"हात बघू तुमचा."

तस्नीमनं हात दिला. त्यांनी तिची बोटं एकेक करून अंगठ्यानं चाचपली, तारांनी न कापलेली, कानशीनं न घट्टे पडलेली, मऊ. त्यांच्या चेहऱ्यावर जराशी निराशा आली आणि गेली.

"होईल," ते म्हणाले. "वेळ लागेल. पण होईल."

आणि त्यांनी हात सोडला नाही.